शंभर ते शून्य

कुणी नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन दाखवायला आलं, की ब्रेककाका गाडीभोवती फिरत नसत, आत डोकावत नसत, रंगाबद्दल एक शब्द बोलत नसत. पेढा तोंडात टाकून विचारत, "थांबते कशी?"

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलॉंगॉंगच्या मराठी मंडळात या प्रश्नाला सगळे टरकून असत. निनादने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा तो उत्साहाने सांगायला लागला, "काका, शून्य ते शंभर पाच सेकंदांत!"

"कड्यावरून ढकललेला दगडही जातो. शंभर ते शून्य सांग."

निनादला सांगता येईना. त्याची बायको मागून म्हणाली, "काका, तो फक्त मी ओरडल्यावर थांबतो."

"मग ब्रेक चांगला आहे," काका म्हणाले. "आवाज करतो, एवढंच."

काकांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात ब्रेकच्या चाचणी विभागात झाली. बायको गेल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलं. मुलगी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, मी त्याच हॉस्पिटलमध्ये नर्सेसचे रोस्टर लावते, आणि आमची घरं एकाच गल्लीत होती. त्यामुळे काका हळूहळू माझ्याही यादीत आले. मला यादीशिवाय चालत नाही. शनिवारची बाजाराची यादी, मंडळाच्या कामांची यादी, आणि एक तिसरी, 'काकांना सांगायचे' नावाची. तिच्यातली बरीच वाक्यं 'नाही' या शब्दाने संपायची. पार्किंगमध्ये लोकांच्या चाकांना हात लावायचा नाही, हे त्यातलं पहिलं.

ते खरंच लावत. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मी गव्हाच्या पिठाची पोती डिकीत भरत असायचे आणि काका शेजारच्या गाडीच्या चाकाजवळ वाकून तळहात धरून उभे, शेकोटीपाशी उभं राहावं तसे. मग नाक पुढे. वासावरून त्यांना कळे की कुणाचा ब्रेक चिकटतो आहे. एकदा एका धिप्पाड माणसाने विचारलं, "यू राइट, मेट?" काका म्हणाले, "आय ॲम राइट. युअर लेफ्ट रिअर इज नॉट." त्यांची नात तिथेच होती, ती लाजेने जमिनीत जायची बाकी राहिली. "आजोबा, यू कान्ट जस्ट स्निफ पीपल्स कार्स!" तो माणूस मात्र स्वतः वाकला, चाकाला हात लावला, आणि चटका बसल्यावर काकांकडे आदराने बघू लागला.

त्यांचं आवडतं भाषण गणपतीत झालं. आरती संपून प्रसाद वाटत होते, विषय कसा कोण जाणे वाहनपूजेवर गेला आणि काका उभेच राहिले. "दसऱ्याला हार बॉनेटला. नारळ चाकापुढे. लिंबू चाकाखाली. स्टिअरिंगला हळदकुंकू. आणि ज्याच्या जिवावर तुम्ही जिवंत घरी येता, त्या ब्रेकला काय? काही नाही! इंजिनाचं कौतुक सगळ्यांना. ब्रेकची आठवण कधी? तो लागला नाही की." लोक हसले. निनादची आई, कुमुदकाकू, नाशिकहून लेकाकडे काही महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली. हे मला नंतर आठवलं.

आता नोरीनची गाडी.

नोरीन काकांच्या कुंपणापलीकडे राहत असे. ऐंशी ओलांडलेली, काटक, बागेत कायम गुडघ्यांवर. तिच्या गॅरेजमध्ये तिच्या वडिलांची गाडी होती, मोटारी नवीन होत्या त्या काळातली, लाकडी आऱ्यांची चाकं असलेली. काकांनी कुंपणावरून सगळ्यात आधी गाडीच्या मागच्या चाकावरचा ब्रेकचा ड्रम पाहिला आणि मग बाकीची गाडी. त्या काळी ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असत, आणि तेही उघडे. ड्रमभोवती बाहेरून एक पोलादी पट्टा, पट्ट्याच्या आत लायनर, म्हणजे घासून झिजणारं अस्तर. पायाने दाबलं की पट्टा ड्रमला कवटाळतो. झाकण नाही, काही नाही. सगळं डोळ्यांना दिसतं. काकांना एवढंच पुरे झालं.

"चालते का हो?" त्यांनी विचारलं.

"चालते मस्त, लव्ह," नोरीन म्हणाली. "थांबायचीच बोंब आहे."

तिने सांगितलं ते असं. वॉलॉंगॉंगच्या मागे डोंगर उभा आहे आणि त्यावरून समुद्राकडे एक रस्ता उतरतो. आम्ही मराठी माणसं त्याला नुसतं घाट म्हणतो. नोरीनचे वडील तो घाट उतरताना गाडीच्या मागे साखळीने झाडाचा ओंडका बांधायचे. ओंडका रस्त्याला घासत यायचा आणि गाडीला मागे खेचायचा. छोटी नोरीन मागच्या सीटवर गुडघे टेकून ती धूळ बघत बसायची. "डॅडचा ब्रेकवर कधीच विश्वास नव्हता," ती म्हणाली. "आणि तिथे मला त्यांनी कधी चालवू दिली नाही. मला एकदा, स्वतः, ओंडक्याशिवाय खाली यायचं आहे."

त्यात घाई होती. नोरीन घर विकून वृद्धांच्या निवासात जाणार होती आणि गाडी भाच्याच्या नावावर होणार होती. भाच्याला सिडनीतला एक रेस्टॉरंटवाला भेटला होता. त्याला गाडी दारात शोभेला हवी होती, इंजिन काढून, मागच्या सीटवर कुंड्या ठेवून. नोरीनने भाच्याशी तडजोड केली होती. जुन्या गाड्यांच्या स्थानिक क्लबच्या तपासनिसाने गाडी रस्त्यावर न्यायला पास केली, तर गाडी क्लबकडे राहील, चालती. नापास झाली तर कुंड्या.

काकांनी तिला शब्द दिला. हातात हात घेऊन, इंग्रजीत सुरू करून मराठीत संपवलेला शब्द. नोरीनला मराठी कळत नव्हतं. पण आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो म्हणून तीही काकाच म्हणे, आणि तिला ते त्यांचं नाव वाटत होतं.

मला हे कळल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे काकांना गॅरेजबाहेर काढलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असणार, हे कुणीही सांगेल. काका कानस घेऊन तयार होते.

"काका, हात लावायचा नाही. परवानावाला माणूस येईल, मास्क घालून काढेल, गुंडाळून नेईल."

"अगं, आम्ही चिंचवडला..."

"चिंचवडला तुम्ही काय केलंत ते मला सांगू नका. नुसतं ऐकूनच मला खोकला येतो."

ते रुसले. चहालाही आले नाहीत. मग माणूस येऊन लायनर काढून गेला आणि काका रुसवा विसरून गॅरेजमध्ये शिरले, ते जवळजवळ तिथेच राहायला गेले.

नवं लायनर विकत मिळतं. ऑनलाइन मागवा, बसवा, झालं. मी लिंकही पाठवली. काका म्हणाले, "आधी हे बघू दे की तेव्हाच्या लोकांनी काय काय भोगलं." जुन्या धुण्याच्या यंत्राच्या मोटरवर त्यांनी एक ड्रम बसवला, मासे तोलायचा आकड्याचा काटा लावला, आणि त्या काळच्या लोकांनी जे जे वापरलं ते त्याच क्रमाने वापरून पाहिलं. चामडं. मग उंटाच्या केसांचा पट्टा. मग तारा घालून विणलेलं सुती कापड. ॲडलेडला, मॉसन लेक्समध्ये माझा भाचा शिकतो, त्याला काकांनी फोन करून विचारलं, "तुमच्या तिकडे आतल्या बाजूला रानटी उंट आहेत ना? थोडे केस मिळतील का?" भाच्याने मला मेसेज केला, "मावशी, इज ही ओके?" शेवटी तसा पट्टा एका जुन्या गिरणीच्या सामानात मिळाला. चामड्याच्या दिवशी तर गल्लीभर असा वास सुटला, की समोरचा शेजारी बाहेर येऊन म्हणाला, "कुणाचा बार्बेक्यू जळतोय?"

"ब्रेक आहे," मी म्हटलं.

"मग मी जेवायला येत नाही."

चामडं जळलं, उंट घसरला, विणलेलं कापड टिकलं. काकांनी तेच, म्हणजे मी पाठवलेल्या लिंकवरचंच, लायनर मागवलं. मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, "आता का घेतोय ते कळलं ना! आधी नुसतं घेतलं असतं."

बसवल्यावर त्यांनी ते आठवडाभर मुरवलं. नोरीनच्या ड्राइव्हवेवर हळू चालवायचं, हलका दाब द्यायचा, थांबायचं, थंड होऊ द्यायचं. पुन्हा. नोरीन व्हरांड्यात बसून बघायची. डावीउजवीकडची ओढ त्यांनी अशी जुळवली की दोन्ही चाकं एकाच क्षणी थांबत.

दसऱ्याच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक मी केलं होतं. सण कुठल्या का वारी येईना, मंडळ तो शनिवारीच करतं. सकाळी हॉलच्या पार्किंगमध्ये वाहनपूजा, मग जेवण, आणि दुपारी जवळच्याच मैदानावर तपासनीस टेरी येणार. नोरीनची गाडी मानाची म्हणून पहिल्या जागी, उजवी बाजू भिंतीला लावून. काका पाहुणे म्हणून फेटा बांधून स्टेजवर. गाडीला झेंडूचा हार, समोर नारळ. नोरीनने स्वतः फोडला, पहिल्याच फटक्यात. टाळ्या.

आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मैदानावर टेरीने प्लॅस्टिकचे नारिंगी सुळके दोन रांगांत मांडले. त्यामधून गाडी न्यायची, खुणेवर ब्रेक दाबायचा, सरळ रेषेत ठरलेल्या अंतरात थांबायचं. नोरीन खुर्चीवर. तिचा भाचा फोन हातात घेऊन. मंडळाची पंधरावीस माणसं नऊवारी-कुर्त्यांत, कारण जेवून घरी जायचं सोडून सगळे मजा बघायला आलेले.

टेरी चालवत होता. ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे फिरली. सरळ सुळक्यांत घुसली. टेरीने हँडब्रेक ओढला. हँडब्रेकच्या पकडी ड्रमच्या आतून वेगळ्या असतात, त्यांनी धरलं, आणि गाडी एका सुळक्याला पोटाखाली घेऊन उभी राहिली.

"ओढतेय बघ, मेट," टेरी म्हणाला. "डावीकडे काही नाहीच."

भाच्याने फोनवर रेस्टॉरंटवाल्याचा नंबर काढला.

काका फेट्यासकट जमिनीवर गुडघे टेकून डाव्या चाकामागे गेले. पट्ट्यावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"मेट, यू आर ब्लीडिंग," टेरी घाबरून म्हणाला.

काकांनी बोट नाकाजवळ नेलं. "तीळतेल," ते म्हणाले. "आणि कुंकू."

मागून कुमुदकाकूंचा आवाज आला, अगदी बारीक. "अहो, मीच. तुम्हीच म्हणालात ना गणपतीत, ब्रेकला कुणी काही वाहत नाही. म्हणून मी पट्ट्यावर स्वस्तिक काढलं. आणि पळीभर तेल घातलं, दारात घालतो तसं. पलीकडच्या बाजूला भिंत होती, हात पोचला नाही, नाहीतर..."

"नाहीतर सरळ गेली असती," काका म्हणाले. "थांबली नसती, पण सरळ गेली असती."

निनादने कपाळावर हात मारला. "आई!"

"तिला बोलू नकोस." काका उठून उभे राहिले. फेटा एका कानावर आला होता. "आयुष्यभर मी म्हणत होतो, ब्रेकचा मान करा. एका माणसाने ऐकलं. आजच ऐकलं, त्याला ती काय करणार?"

टेरी म्हणाला, तो पाचपर्यंत आहे, मग त्याला जायचं आहे. महिनाभर पुन्हा जमायचं नाही, आणि नोरीनचं घर त्याआधी रिकामं होणार होतं.

काकांनी मला स्पिरिट आणायला पिटाळलं. मी निघता निघता ते म्हणाले, "धुऊन भागणार नाही. विणलेलं आहे, तेल आत शिरलंय. ते शोषून घ्यायला माती हवी. जुन्या काळी ड्रायव्हर डब्यात बाळगायचे." मग त्यांना शब्द सापडला. "मुलतानी माती!"

मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: 'तातडीने हवे. मुलतानी माती. मैदानावर.' पहिलं उत्तर आलं, 'कुणाचं लग्न आहे?' दुसरं, 'ब्रेकसाठी की काकांच्या चेहऱ्यासाठी?' पण पाकिटं आली. काकांनी प्रत्येक हुंगलं. "ही चंदनवाली नको. ही गुलाबवाली नको. साधी द्या." साधी माती कुमुदकाकूंकडेच निघाली, नाशिकहून आणलेली, डबाभर.

डावा पट्टा काढला. स्पिरिटने धुतला, मातीत गाडला, उन्हात ठेवला, झटकला, पुन्हा. झटकायचं काम कुमुदकाकूंनी नव्या टूथब्रशने केलं, जरीच्या साडीवर टॉवेल टाकून, कुणाकडेही न बघता. टेरी बाजूला बसून श्रीखंड खात होता. त्याने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

पट्टा बसला. टेरीने गाडी नेली, ब्रेक दाबला. सरळ. खुणेच्या बरीच अलीकडे. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"गुड इनफ," टेरी म्हणाला आणि पेन काढलं.

"नो," काका म्हणाले.

"काय नो?" नोरीनचा भाचा आणि मी एकाच वेळी ओरडलो.

"हा थंड ब्रेक आहे. आत उरलेलं तेल गरम झाल्यावर वर येतं. टेरी, पुन्हा घे. दाब, सोड, दाब, सोड, हात लावता येणार नाही इतका तापू दे. मग तपास."

नोरीन खुर्चीतून उठली. "काका, लव्ह, त्याने पास केलंय आपल्याला. घे ना ते."

मी काकांना बाजूला घेतलं. पाच वाजत आले होते. मी म्हटलं, "काका, कागद घेऊ या. उद्या शांतपणे परत धुऊ."

"तू कागद बघतेस. मी घाट बघतोय," ते म्हणाले. "खाली येईपर्यंत तापणारच तो. ती एकटी असणार स्टिअरिंगवर."

टेरीने पेन खिशात टाकलं आणि गाडी पुन्हा काढली. पाचव्यासहाव्या वेळी ती किंचित उजवीकडे ओढली. किंचितच. पण सगळ्यांना दिसली. भाच्याने मान हलवली. नोरीन मटकन खुर्चीत बसली.

काका पळत गेले. त्या वयात, फेटा हातात घेऊन. गरम पट्टा हातमोजे घालून काढला. तेल वर आलेलं दिसत होतं, काळी लकेर. "हेच पाहिजे होतं," ते म्हणाले, "आता ते बाहेर आलंय. माती!" कुमुदकाकू डबा घेऊन आधीच वाकल्या होत्या. पुन्हा माती, पुन्हा ब्रश. टेरीने घड्याळाकडे पाहिलं, मग श्रीखंडाच्या वाटीकडे, आणि घरी फोन करून सांगितलं की उशीर होईल.

यावेळी त्याने गाडी इतकी तापवली की वास आम्हां सगळ्यांना आला. मग पूर्ण वेगात आला आणि दाबला. गाडी दोरीने ओढल्यासारखी सरळ उभी राहिली. त्याने न विचारता आणखी दोनदा केलं. सरळ. सरळ.

सही करताना तो काकांना म्हणाला, "माझ्या बायकोच्या गाडीकडे पण बघशील का एकदा?" काका म्हणाले, "थांबते कशी?"

काका आता डार्विनला आहेत. मुलीची बदली झाली. फोनवर कुरकुर करतात, की इथे सगळं सपाट, एक चढ नाही, या गावात ब्रेकची कुणाला किंमत असणार! पण तिथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबने त्यांना पकडलं आहे आणि पावसाळ्यात भिजलेल्या लायनरवर त्यांचं काहीतरी चाललं आहे. कुमुदकाकूंनी नाशिकहून मातीचं पार्सल पाठवलं होतं. कस्टम्सने ते अडवलं. सोडवायचं काम माझ्या यादीत आहे.

नोरीन घाटावर गेली ती टेरीच्या सहीनंतर पुढच्याच रविवारी. सकाळी लवकर, गर्दी नसताना. तीच चालवत होती, काका शेजारी. मी मागे माझ्या गाडीत, धोक्याचे दिवे लावून, डिकीत पाणी, चाकांना लावायचे ठोकळे, आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचार. ती दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होती. वळणापूर्वी दाब, सोड. वळण. दाब, सोड. मी सारखी डाव्या चाकाकडे बघत होते. एका वळणावर झाडी संपते आणि समुद्र एकदम पायाखाली दिसतो. तिथे तिने वेग इतका कमी केला की माझ्या मागच्या ट्रकला जवळजवळ थांबावं लागलं. मग पुन्हा खाली.

घाट संपतो तिथे सिग्नल आहे. तो लाल झाला. नोरीनची गाडी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे हळूच, नाक जराही न फिरवता उभी राहिली. मी डावीकडच्या लेनमधून तिच्या शेजारी आले आणि काच खाली केली. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ओठ घट्ट मिटलेले, गाल ओले, आणि पाय अजून ब्रेकवर.

सिग्नल हिरवा झाला. ती हलली नाही. मागचा ट्रक उभा राहिला, त्यामागे आणखी दोन गाड्या. हॉर्न कुणीच वाजवला नाही. काका तिच्याकडे बघत बसले होते. त्यांनी तिला हवा तेवढा वेळ दिला. सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला.

मग काका मराठीत म्हणाले, "चला बाई, सोडा आता."

तिने पाय उचलला.